बेंचवरचा आपला माणूस

मुंबई हायकोर्टाच्या इमारतीत शिरलात की आधी त्या माकडाकडे चला. एका खांबावर ते कोरलेलं आहे. हातात तराजू, पारडी वरखाली, आणि दोन्ही डोळ्यांवर हवी ती पट्टी एकाच डोळ्यावर. दुसरा डोळा टक्क उघडा. कुणा पारशी कंत्राटदाराने कोर्टातली केस हरल्याचा राग दगडावर काढला, अशी गोष्ट वकील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. गोष्ट खरी असो-नसो, इमारत १८७८ मध्ये उभी राहिली तेव्हापासून ही शंका तिच्या भिंतीतच बसली आहे: साहेब नक्की कुणाकडे बघून न्याय करतात?

त्या उघड्या डोळ्यावर बोट टेका. दगड गार लागेल.

व्हरांड्यातला गलका बदलतो. झेरॉक्सचा खडखडाट नाही, मोबाइल नाहीत. काळ्या कोटांच्या गर्दीत पगड्या आणि फेटे दिसू लागतात. वर्ष १८९७, जुलै संपत आलाय. गेल्या पावसाळ्यानंतर शहरात शिरलेला प्लेग अजून लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. महिन्याभरापूर्वी, २२ जूनच्या रात्री, पुण्याला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या आठवडाभर आधीच्या ‘केसरी’तल्या मजकुरावरून २७ जुलैला टिळकांना इथे मुंबईतच पकडलंय. कलम १२४-अ, राजद्रोह. आज त्यांच्या जामिनाचा अर्ज आहे.

तुम्ही गर्दीतून वाट काढत मागच्या बाकड्यापाशी पोहोचता. बेंचवर दोघे. एक पार्सन्स. दुसरे महादेव गोविंद रानडे.

तुमच्या शेजारचा पुण्याचा माणूस कपाळाला हात लावतो. “झालं. आता कसला जामीन!” त्याचं म्हणणं तुम्हाला लगेच कळतं, कारण त्या दिवसांत पुण्यातलं पोरदेखील ते सांगू शकलं असतं. दोनच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा रानड्यांची सामाजिक परिषद त्याच मांडवात भरू द्यायची नाही म्हणून टिळकांच्या बाजूने रान उठवलं होतं. रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. आणि आज तेच रानडे वर बसलेत, अर्ज टिळकांचा.

जामीन नाकारला जातो. “उगवला सूड,” शेजारचा पुटपुटतो. तुमच्याही मनात तेच येतं. पण जरा थांबा. खटला अजून मॅजिस्ट्रेटपुढेच आहे, सेशन्सकडे पाठवायचाय. पोलीस ताजे कागद घेऊन उभे आहेत. अशा वेळी कुठलाही जज्ज हात आखडता घेऊ शकला असता, आणि शेजारी बसलेल्या पार्सन्सना तर मांडवाशी काहीच कर्तव्य नव्हतं. तरी गर्दी जिना उतरताना एकट्या रानड्यांचं नाव घेत उतरते. पार्सन्सचा हेतू कुणी शोधत नाही. परक्याकडून अपेक्षा नसते, म्हणून त्याच्यावर रागही नसतो. राग येतो तो आपल्या माणसाचा.

चार-सहा दिवस पुढे सरका. ४ ऑगस्ट. खटला आता सेशन्सकडे सोपवला गेलाय आणि जामिनाचा अर्ज पुन्हा आलाय. बेंचवर एकटे बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबईतले पहिले हिंदी बॅरिस्टर, दोन वर्षांपासून न्यायमूर्ती. आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष! आज असा न्यायमूर्ती असा खटला ऐकायला बसला तर संध्याकाळी टीव्हीवर काय चालेल, हे तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता. तेव्हाही कुजबुज होतीच. मागच्या बाकड्यावर लोक सावरून बसलेत. “आज आपला माणूस आहे.”

टिळकांच्या वतीने एक पारशी बॅरिस्टर उठतो. या माणसाकडे नीट बघून घ्या, तो पुन्हा भेटणार आहे. दिनशा दावर. आवाज चढवत नाही, मुद्दा सोडत नाही. जामीन मागतो तो दयेखातर नव्हे. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, या मुद्द्यावर. तुरुंगाच्या कोठडीत बसून माणूस कागद कसे जमवणार, वकिलाशी कसा बोलणार? सरकार पक्ष विरोध करतो. तय्यबजी ऐकून घेतात आणि मग बोलतात.

इथे कान द्या, कारण एवढ्यासाठीच मी तुम्हाला आणलंय. ते राष्ट्राबद्दल बोलत नाहीत, ‘केसरी’तला मजकूर चांगला की वाईट याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते एवढंच विचारतात: जामिनाचा प्रश्न कशासाठी असतो? आरोपी खटल्याला हजर राहील का, हे बघण्यासाठी. हा माणूस पळून जाईल असं मानायला आधार आहे का? नाही. आत ठेवला तर त्याच्या बचावाला अडचण होईल का? होईल. आणि महिनाभर आत ठेवून शेवटी तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याचं काय? तो न्यायाचा पराभव ठरेल. म्हणून जामीन मंजूर.

बाहेर जल्लोष होतो. “आपला माणूस!” तिकडे साहेबांच्या क्लबांतही तेच वाक्य फिरलं असेल, फक्त ‘आपला’च्या जागी ‘त्यांचा’. दोन्हीकडच्या लोकांनी निकालाचा शेवटचा शब्द ऐकला आणि आधीचं सगळं सोडून दिलं. मला विचाराल तर या दोन्ही गर्दींनी तय्यबजींवर सारखाच अन्याय केला. त्यांची कारणं बाजूला काढून वाचा, वर नाव झाका, आणि सांगा यात काँग्रेस कुठे आहे. मी अनेकदा शोधली आहे. मला सापडली नाही.

आणखी एक गोष्ट या क्षणी लक्षात घ्या, ती दिसत नाही पण खोलीत आहे. १८६१ च्या कायद्याप्रमाणे हायकोर्टाचा प्रत्येक न्यायमूर्ती राणीची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर. किमान एक तृतीयांश बॅरिस्टर, किमान एक तृतीयांश सनदी नोकर, अशी घडण. ज्या सरकारने पकडलं, त्याच सरकारच्या मर्जीवर जामीन देणाऱ्याची खुर्ची. तय्यबजी हे जाणून बोलत होते.

सप्टेंबरच्या खटल्यात फार रेंगाळू नका. न्यायमूर्ती स्ट्रेची, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसलेल्या सर जॉन स्ट्रेचींचे चिरंजीव. ज्युरीत सहा युरोपीय, तीन हिंदी. मजकूर मराठी आणि ज्युरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही. स्ट्रेची ज्युरीला समजावतात की राजद्रोहाच्या कलमातली अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. एवढी सैल व्याख्या केली की मग सरकारवर प्रेम नसलेला कोणीही त्या जाळ्यात येतो. सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढे प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मागायला टिळकांचे वकील ज्या तिघांपुढे उभे राहिले, त्यांत स्वतः स्ट्रेची होते. परवानगी मिळाली नाही.

आता अकरा वर्षं ओलांडा.

१९०८, २ जुलै. तीच इमारत, तेच कलम, तेच आरोपी. वय वाढलंय, साखरेचा विकार जडलाय. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज बायका मेल्या. त्यावर ‘केसरी’ने लिहिलेल्या अग्रलेखांपैकी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन मथळ्यांवर खटला. २४ जूनला सरदारगृहातून अटक. जामिनाचा अर्ज घेऊन उभा आहे तिशीतला एक सडपातळ, कडक इस्त्रीचा बॅरिस्टर, महंमद अली जिना.

आणि बेंचवर? मागच्या बाकड्यावरून माना उंचावतात. बेंचवर दिनशा दावर.

लोकांच्या चेहऱ्यावरची आशा बघा. अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने याच आरोपीसाठी याच कोर्टात जामीन मागितला होता आणि मिळवला होता. याहून आपला माणूस तो कोणता? जिना बोलतात, तय्यबजींच्या त्या हुकुमाचा आधार घेतात. म्हणजे खरं तर दावरांचाच मुद्दा दावरांपुढे ठेवतात. कोठडीत राहून बचाव कसा करायचा? प्रकृतीचं काय?

दावर अर्ज फेटाळतात. जज्जाने जामीन नाकारणं यात नवल नाही. पण पुढचं वाक्य ऐका. सध्याच्या परिस्थितीत कारणं न देणं हेच शहाणपणाचं, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलतात. कोणत्या विचाराने नाकारला, याची चर्चा ते करणार नाहीत.

बस्स. फाइल मिटली जाते.

तुम्ही जिनांच्या पाठीकडे बघत राहता. ती ताठच आहे. वरच्या कोर्टात नेऊन खोडून काढायला काही हातात हवं ना? इथे काहीच दिलेलं नाही. तय्यबजींचा हुकूम पटला नसता तर सरकारला त्यातलं एकेक कारण घेऊन भांडता आलं असतं. दावरांच्या हुकुमाशी भांडताच येत नाही. मग माणूस कशाशी भांडतो? जज्जाच्या जातीशी, त्याच्या जुन्या अशिलांशी, त्याला मिळणाऱ्या किताबाशी. कारणांची जागा रिकामी राहिली की ती तर्काने भरते, आणि त्याबद्दल मला लोकांना दोष देववत नाही.

१३ जुलैला खटला उभा राहतो. सरकारने मागितली तशी खास ज्युरी मिळालेली: सात युरोपीय, दोन पारशी. मराठी अग्रलेख, इंग्रजी भाषांतर, आणि मराठी न वाचणारे नऊ जण. टिळक वकील न देता स्वतः बोलायला उभे राहतात. अंगरखा, उपरणं, डोक्यावर पगडी. एकूण एकवीस तासांवर बोलणार आहेत, दिवसामागून दिवस. तुम्हाला सगळं ऐकायला वेळ नाही, पण एक तास तरी बसा. एकेका शब्दावर ते थांबतात. मूळ मराठी शब्दाला जो इंग्रजी शब्द भाषांतरात बसवलाय तो किती कडक आहे, मराठीत राजकारणाची भाषा अजून कशी घडते आहे, हे ते सांगतात. ज्युरीतला एक जण पेन्सिलशी खेळतो आहे. तुम्हाला मराठी येतं, त्यामुळे तुमची तगमग होते. उठून सांगावंसं वाटतं, पण तुम्हाला इथे आवाज नाही.

मग ते पोस्टकार्ड येतं. पुण्याच्या घराच्या झडतीत सापडलेलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. सरकार पक्षाने ते पुराव्यात मांडलंय. टिळक सांगतात: स्फोटकांचा नवा कायदा आलाय, त्यावर लिहायचं तर विषय माहीत हवा, म्हणून नावं टिपून ठेवली. कार्ड हातोहात ज्युरीकडे जातं. एवढासा कागद. एका बाजूने पाहिलं तर संपादकाचं टिपण, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर कट. कार्ड तेच, फरक बघणाऱ्याच्या डोळ्यात.

२२ जुलै. संध्याकाळ झाली तरी कोर्ट उठत नाही. दावरांनी आजच संपवायचं ठरवलेलं दिसतं. बाहेर पोलीस आणि लष्कराचा पहारा, आत दिव्यांचा उजेड, दमट हवा. दावर ज्युरीला समजावून सांगतात. आठ वाजून गेल्यावर ज्युरी आत जाते. त्या सव्वा तासात दालनात कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही टिळकांकडे बघता. मध्यरात्र झाली की त्यांचा वाढदिवस, बावन्न पुरे होतील.

सव्वानऊ वाजून जातात. ज्युरी परत येते. सात विरुद्ध दोन, दोषी. ते दोन कोण, हे गर्दीने ज्युरी पूर्ण बसायच्या आत ठरवूनही टाकलेलं असतं.

काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक पिंजऱ्यात उभे राहून जे बोलले ते मराठी घरांत इतकं पाठ आहे की इथे सांगायला नको. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, इथून ते सुरू होतं. आवाज चढलेला नाही. तुम्हाला भाषण ऐकल्यासारखं वाटत नाही. हिशेबाच्या वहीत शेवटची नोंद करावी तसं ते बोलतात.

मग दावर. ते आधी टिळकांच्या बुद्धीची, वजनाची कबुली देतात, त्यांना या जागी पाहताना यातना होतात म्हणतात. त्यानंतर शब्द बदलतात. बॉम्बला राजकारणाचं हत्यार मानणारं मन रोगट आहे, असली पत्रकारिता देशाला शाप आहे. राजद्रोहाच्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षं काळं पाणी, एकामागून एक. तिसऱ्यावर हजार रुपये दंड. सहा वर्षं.

इथे मला अडखळायला होतं, आणि तुम्हीही थोडं अडखळा. दावर विकले गेले होते असं मी म्हणणार नाही. मला तसं सिद्ध करता येणार नाही. पण एक वेगळी भीती त्या खुर्चीत बसली असेल, असं मला वाटतं. साम्राज्याच्या कोर्टातला हिंदी न्यायमूर्ती, त्यात आरोपीचा जुना वकील. टिळकांना जरा झुकतं माप दिलं तर सगळे म्हणणार, बघा, जुना अशील. आपण कुणाचे नाही हे दाखवण्याच्या धडपडीत माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन पडतो. तसं झालं असेल तर तोही पक्षपातच, फक्त उलट दिशेचा. माझं मत असं, की दावरांनी हा खटला घ्यायलाच नको होता. त्याच आरोपीसाठी त्याच कलमाखाली तुम्ही उभे राहिला होतात. दुसऱ्या कुणी बसावं, असं म्हणायला एक ओळ पुरली असती. तय्यबजींच्या अंगावरही तसाच संशय होता. त्यांनी तो कारणं उघडी मांडून पेलला. दावरांनी कारणं झाकली, आणि शिक्षा सुनावताना मात्र शब्दांना आवर घातला नाही.

टिळकांना बाजूच्या दाराने नेतात. रात्रीच खास गाडीने साबरमतीकडे, तिथून पुढे मंडाले. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे वाजतात पण कामगार आत जात नाहीत. सहा वर्षांना सहा दिवस. परळ-लालबागच्या रस्त्यावर गोळीबार होतो, माणसं मरतात. हे कामगार ‘केसरी’ वाचणारे फार थोडे. कोर्टात काय झालं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

आता एका बंद दारामागे चला. पुढे दावरांना ‘सर’ किताब मिळाला तेव्हा वकील मंडळींनी त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं. सह्यांचा कागद जिनांकडे आला. त्यांनी त्यावर खरमरीत लिहिलं: सरकारला हवं ते करून, एका थोर देशभक्ताला कठोर शिक्षा देऊन ज्याने किताब मिळवला, त्याला मेजवानी द्यायची बारला लाज वाटली पाहिजे. कागद फिरत फिरत दावरांपर्यंत गेला. त्यांनी जिनांना चेंबरमध्ये बोलावलं. जिनांच्या हाताखाली वकिली शिकलेल्या छागलांनी ही हकिकत आपल्या आत्मचरित्रात दिली आहे.

तुम्ही दाराशी उभे आहात. दावर विचारतात, माझ्या कोर्टात मी तुम्हाला नेहमी नीट वागवलं ना? जिना म्हणतात, हो. मग माझ्याविरुद्ध असं का लिहिलंत? कारण ते खरं आहे, जिना सांगतात. टिळकांचा खटला तुम्ही ज्या रीतीने चालवलात, त्याबद्दलची भावना मला दाबता आली नाही.

दावरांचा चेहरा बघा. राग नाही तिथे. मला तरी त्यात दुखावलेला माणूस दिसतो. आपल्याशी सभ्यपणे वागणारा जज्ज चांगलाच असणार, अशी त्यांची स्वतःबद्दलची समजूत होती. ती चेंबरच्या त्या चार भिंतींत मोडली.

१९१६ मध्ये क्षणभर थांबून पुढे जाऊ. टिळकांवर तिसऱ्यांदा तसाच वार: होमरूलच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तनाचे जामीन मागितलेले. वकील पुन्हा जिना. बेंचवर बॅचलर आणि लल्लुभाई शाह. बॅचलर इंग्रज, म्हणजे गर्दीच्या हिशेबाने निकाल आधीच ठरलेला. ९ नोव्हेंबरला हुकूम रद्द होतो. भाषणं सुटी वाक्यं तोडून नाही, सबंध वाचायची असतात, असं बॅचलर सांगतात, आणि कारणं देऊन सांगतात. मागच्या बाकड्यावर जल्लोष आहे, पण “आपला माणूस” असं आज कुणालाच म्हणता येत नाही. लोक जरा गोंधळलेत. गोंधळलेले लोक मला इथे फार आवडतात, कारण ते प्रथमच ऐकताहेत.

आणि १९५६. टिळकांची जन्मशताब्दी. सेंट्रल कोर्टाबाहेर फलक उघडला जातोय, त्यावर टिळकांचे त्या रात्रीचे शब्द. उघडणारे मुख्य न्यायमूर्ती छागला. आपल्याच कोर्टाच्या दोन्ही शिक्षांबद्दल ते सांगतात की कायद्याचं तंत्र सांभाळलं गेलं असेल, न्याय मात्र नाकारला गेला. या शिक्षा देणाऱ्यांच्याच खुर्चीचा वारसदार हे सांगतोय. आता त्याच्या खुर्चीचा आधार राणीची मर्जी नाही, राज्यघटना आहे. त्याला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. टाळ्या पडतात.

टाळ्यांचा आवाज विरतो, झेरॉक्सचा खडखडाट परत येतो. तुम्ही ४६ नंबरच्या, म्हणजे त्याच सेंट्रल कोर्टाबाहेर फलकासमोर उभे आहात. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा घोळका आलाय. एक मुलगी फलक वाचते, फोटो काढते, मग पुन्हा वाचते. बाकीचे पुढे सरकतात, ती मागे राहते. तुमच्याकडे वळून विचारते, “काका, वकील म्हणून दावरांनी स्वतःच जामीन मिळवून दिला होता ना? मग आठ साली त्यांनी तो नाकारला का?”

“ते त्यांनी सांगितलं नाही,” तुम्ही म्हणता.

“पण काहीतरी लिहिलं असेल ना हुकुमात?” ती वहीचं पान उलटून पेन सरसावते.